बाळंतविड्यासाठी कोणती लोकर घेऊ? (तुमची आवडती लोकर, सूत, सगळंच सांगा)

सुमेधा_व

भावाच्या मुलीला जानेवारीअखेरची तारीख दिली आहे. ती मिनिआपोलिसला असते, म्हणजे बाळ यायचं तेच उणे वीसमध्ये. वहिनी डिसेंबरात निघणार आणि तिच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी माझा बाळंतविडा जायचा आहे. स्वेटर, टोपडं, मोजे, कुंची आणि हात चालला तर एक दुलई. विणायचं काही वाटत नाही, चाळीस वर्षं सुया हातात आहेत. अडलंय ते लोकरीपाशी.

२०१९ साली पुतण्याच्या लेकीसाठी मेरिनोचा (मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा) संच विणला होता. मोरपंखी रंग, अंगात साबुदाण्यासारखी बारीक वीण, गळ्याला छोटी जाळी. दीड महिना लागला. सहा महिन्यांनी त्यांच्याकडे गेले तर सूनबाईने स्वेटर कौतुकाने आणून दाखवला. मशीनमधून काढलेला. तळहाताएवढा झालेला, जाळीची भोकं बुजलेली, हाताला नमदा (घट्ट दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) लागावा तसा. बाही वाकवली तर वाकेना. ती बिचारी म्हणाली, "काकू, तिला लहानच झाला होता का हो?" मी म्हटलं, "हो गं, मुलं भराभर वाढतात."

तेव्हा यंदा माझा पहिला प्रश्न रंगाचा नाही, किमतीचाही नाही. धुणार कोण?

घरातल्यांसाठी मला अजून खरी लोकरच आवडते. सुईवरून सरकताना ती किंचित अडते, टाका पडला तरी जागेवर थांबतो. अ‍ॅक्रिलिकचा (कृत्रिम धाग्याचा) टाका पडला की तो जिना उतरल्यासारखा पार काठापर्यंत जातो. पण हे झालं माझं. तुम्ही काय वापरता, लिहा. क्रोशावाल्यांनीही लिहा.

टाका_सुटला

वाचतेय. मला फक्त सरळ मफलर येतो. तोही सुरुवातीला आठ इंच रुंद आणि शेवटी अकरा.

आर्या_मिनेसोटा

काकू, मी सेंट पॉलला, म्हणजे तुमच्या भाचीच्या शेजारच्याच गावात. थोरला चार वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मशीन धुणार. आणि मशीननंतर ड्रायर. रात्री तीनला दूध उलटलेला स्वेटर कोमट पाण्यात हलक्या हाताने बुचकळणारी आई मी अजून पाहिलेली नाही.

दुसरं, इथे घरात हीटिंग असतं. वीस-एकवीस अंशांत बाळाला जाड स्वेटर कुणी घालत नाही. बाहेर न्यायचं ते कारसीटमध्ये, आणि तिथे पट्ट्यांच्या आत जाडजूड कपडे चालत नाहीत, पट्टा सैल राहतो. पट्टे आवळायचे आणि वरून पांघरूण घालायचं. म्हणून दुलईला पहिला नंबर द्या आणि स्वेटर पातळ विणा. फक्त पाळण्यात झोपवताना दुलई घालत नाहीत, वर्षाचं होईपर्यंत सुटं पांघरूण नको म्हणतात. गाडीत, मांडीवर, जमिनीवर पालथं टाकायला दुलई लागतेच लागते.

मी बाळांसाठी कॅरनची सिंपली सॉफ्ट घेते, पूर्ण अ‍ॅक्रिलिक. रेड हार्टची सुपर सेव्हर विणताना काथ्यासारखी लागते, पण दोन-तीन धुण्यांनंतर नरम पडते. थोरल्याची दुलई तिचीच आहे. रंग त्याच्या बाबाने निवडला होता, नारिंगी आणि जांभळा. चार वर्षं झाली, फाटतही नाही.

स्वतःसाठी मात्र मालाब्रिगोची रिओस. उरुग्वेची आहे, मेरिनो, सुपरवॉश (म्हणजे मशीनमध्ये धुता येईल अशी केलेली), १०० ग्रॅममध्ये १९२ मीटर. एका लडीसारखी दुसरी लडी नसते, त्यामुळे मोठं काही विणायचं तर दोन लड्या घेऊन दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणते. खिशाला लागते, म्हणून वर्षाकाठी एकच टोपी. २०२५ मध्ये जोअ‍ॅन या लोकर-कापडाच्या साखळीची दुकानं बंद झाली तेव्हापासून लोकर हाताने चाचपून घ्यायच्या जागाही कमी झाल्यात.

इचलकरंजीकर

मला विणता येत नाही, बायको विणते. माझं आयुष्य सूतगिरणीत गेलं, तेवढ्या हक्काने लिहितो.

सुमेधाताई, तुमच्या स्वेटरचं काय झालं ते असं. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत रुततात, आणि रुतले की सुटत नाहीत. नमदा मुद्दाम असाच करतात, तुमचा चुकून झाला. सुपरवॉश करताना क्लोरीनच्या प्रक्रियेने हे खवले बोथट करतात, बहुतेक वेळा वरून पॉलिमरचा पातळ लेपही देतात. मग मशीन चालतं. पण खवल्यांबरोबर पकडही जाते, म्हणून सुपरवॉशचा कपडा ओला झाला की ऐसपैस पसरतो. दोरीवर टांगला तर बाह्या गुडघ्यापर्यंत. सपाट वाळवायचा. आणि नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग टाके मोजायचे. बायको हे कधीच करत नाही. माझ्या एका स्वेटरमध्ये दोन मी मावतो.

सुमेधा_व

@आर्या, कारसीटचं मला माहीतच नव्हतं. बरं झालं विचारलं. दुलई वर सरकवली.

@इचलकरंजीकर, वहिनींना सांगा, नमुन्याचा तुकडा मीही विणत नाही. :)

निळा_गुंडा

आधी आपण घेतो ती लोकर आहे का, तेच बघा. आपल्याकडे दुकानात सगळ्यालाच 'वूल' म्हणतात, आणि दुकानदार शपथेवर 'प्युअर' सांगतो. मी घरी आल्यावर दोन इंच धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, मेणबत्तीला लावते. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखी घाण येते, ज्योत काढली की आपोआप विझते, राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक काळा मणी राहतो. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं, वास कागदाचाच, मागे मऊ राखाडी राख. खिडकी उघडी ठेवा. मी एकदा ठेवली नव्हती, सासूबाईंना वाटलं माझी वेणी पेटली.

अ‍ॅक्रिलिकला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. लुधियानाची वर्धमान, ओसवाल यांच्यावर माझी निम्मी विणकामं उभी आहेत. वर्धमानची बेबी सॉफ्ट बाळाच्या गालाला लावून बघण्यासारखी आहे. फक्त अ‍ॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नका. एकदा वाफ जोरात लागली की अंगच जातं, फडक्यासारखं लोळागोळा होतं आणि परत उभं राहत नाही.

मंदामावशी

किती वर्षांनी असा विषय निघाला. आम्ही पंचाहत्तर-ऐंशी साली सगळं कॅशमिलॉनमध्ये विणायचो. लोकरच म्हणायचो त्याला. ते जपानी कंपनीच्या अ‍ॅक्रिलिकचं नाव होतं, हे मला परवा जावयाने सांगितलं. इतकी वर्षं मी काश्मीरचं काहीतरी समजत होते.

तेव्हा लोकर फुकट जात नसे. स्वेटर आखूड झाला की उसवायचा. एका बाजूने मी ओढायची, दुसऱ्या बाजूला धाकटी नणंद खुर्चीच्या पाठीला गुंडाळत बसायची. उसवलेला धागा कुरळा असतो, तसाच विणला तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली लाटणं अडकवून न्हाणीघरात टांगायची. सकाळपर्यंत सरळ. आमच्या ह्यांचा चॉकलेटी स्वेटर पुढे मुलाचा झाला, मग टोपी झाली, मग नातवाचे मोजे. आता उरलेला गुंडा डब्यात आहे, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलाय. अ‍ॅक्रिलिक आहे, त्याला कसर लागत नाही हे कळतं मला, पण सवय.

सुमेधा, चार प्लाय घे आणि १० नंबरच्या सुया. पहिल्या बाळाला ठीक बसतं.

मिठू_दुबई

मावशी, थांबा थांबा! कुठल्या १० नंबरच्या ते लिहा. मी यात तोंडावर पडले आहे.

अमेरिकन नमुन्यात ८ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. आईच्या डब्यातल्या पोनी कंपनीच्या राखाडी ८ नंबरच्या काढल्या आणि विणत सुटले. अख्खी पाठ झाल्यावर मोजली तर नवऱ्याऐवजी भाच्याला होईल अशी. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की सुई जाड. आपली ८ म्हणजे ४ मिलिमीटर, त्यांची ८ म्हणजे ५. आपली १० म्हणजे सव्वातीन मिमी, त्यांची १० म्हणजे ६! तेव्हापासून मी मिलिमीटर सोडून दुसरी भाषा बोलत नाही.

(दुबईत लोकर कशाला, असं कुणी विचारायच्या आत सांगते: ऑफिसातला एसी.)

मंदामावशी

अगं बाई. माझ्या सव्वातीनच्या. निलगिरीतल्या कारखान्याच्या त्या सुया, मी १९७४ मध्ये घेतलेल्या, टोकं अजून सरळ आहेत.

क्रोशेवाली_ठाणे

क्रोशातही हाच घोळ. ब्रिटिश नमुन्यातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे आपला साधा खांब. नमुना कुठला आहे ते न बघता सुरू केलं की गोल रुमालाची वाटी होते.

माझी आवड सुती धाग्याची. आजीची तोरणं आणि ताटावरचे रुमाल अँकरच्या २० नंबरच्या धाग्यात आहेत, त्यातही नंबर वाढला की धागा बारीक. तो धागा चमकतो तो मर्सराइज केल्यामुळे. इचलकरंजीकर सांगतीलच. पण २० नंबरने पूर्ण टेबलक्लॉथ करायचा माझा वकूब नाही. डोळे जातात आणि मान धरते.

खेळणी करायला मिल्क कॉटन घेते, सूत आणि अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण. अडीच मिमीची सुई, मुके खांब घट्ट, म्हणजे आतला कापूस डोकावत नाही. धागा मऊ असतो, पण पीळ सैल असल्यामुळे सुईचं टोक मधेच घुसून धागा फुटतो. सुईची मान जरा गोल असेल तर कमी फुटतो. मखमली धाग्याच्या नादी एकदाच लागले. अस्वल गोंडस झालं, पण टाके दिसतच नाहीत, बोटाने चाचपडत मोजायचे. पंचवीस ओळी झाल्यावर एक कान डोक्याच्या मागे आला. तसाच ठेवलाय. मुलगी म्हणते ते मागचं ऐकतं.

मोठ्यांचा स्वेटर शुद्ध सुतात करू नका असं माझं मत आहे. सूत ताणलं की परत मागे येत नाही आणि वजन भारी. मी केलेला गळ्यापासून खाली रोज बोटभर वाढायचा.

इचलकरंजीकर

आज्ञा. १८४४ मध्ये जॉन मर्सर या इंग्रज माणसाला दिसलं की सूत कॉस्टिक सोड्यात बुडवलं की फुगतं, मजबूत होतं, रंग जास्त पितं. पण ते आकसायचं, आणि आकसलेलं कापड कुणाला हवंय? पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली. आकसणं थांबलं आणि वर चमक आली. तुमच्या आजींच्या तोरणावरची चमक ती. सोड्याने तंतूचा चपटा, पिळलेला आकार फुगून गोल होतो, म्हणून उजेड एकसारखा परततो.

आता प्लायबद्दल. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत तो आकडा, जाडी नव्हे. चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्यापेक्षा पातळ असू शकतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीत मात्र ४ प्लाय, ८ प्लाय हे जाडी म्हणूनच वापरतात, आणि आपल्या दुकानांत दोन्हींची खिचडी आहे. म्हणून लेबलावर १०० ग्रॅममध्ये किती मीटर ते बघा. चारशेच्या आसपास असेल तर पातळ, मोज्यांची. दोनशे ते अडीचशे असेल तर ती मधली, ४ मिमीच्या सुईची, जिला परदेशात डीके म्हणतात. मीटर लिहिलेलेच नसतील तर शेजारच्या गुंड्याशी पिळून बघा, अजून काय.

नवखी_विणकर

बांबूची लोकर बाळासाठी चांगली ना? नैसर्गिक असते, जंतू होत नाहीत असं लेबलावर वाचलं.

इचलकरंजीकर

बांबूचा लगदा रसायनात विरघळवून बारीक भोकांतून काढला की जो तंतू मिळतो तो व्हिस्कोस. लाकडाच्या लगद्याचा करा नाहीतर बांबूच्या, तंतू तोच. जंतू रोखायचा बांबूचा गुण वगैरे त्यात काही उरत नाही. बाकी धागा छान आहे, गार लागतो, झुळझुळीत पडतो. उन्हाळ्यात अंगडी करा. पण तोही ओला झाला की लांबतो.

गिरीश_विणतो

कल्याण लोकलमध्ये विणतो. सकाळी ७:४२, खिडकी. आधी लोक बघायचे, आता शेजारचे काका माझे टाके मोजतात आणि चुकलो की सांगतात.

माझा सल्ला एकच, आणि तो महागात पडून मिळालाय. लॉट नंबर बघा. वडिलांसाठी राखाडी स्वेटर, आठ गुंडे घेतले, दुसऱ्या बाहीच्या मनगटाशी संपले. दुकानात तोच रंग, तोच नंबर, म्हणून एक आणला. ट्यूबलाइटखाली कळलं नाही. दिवाळीत अंगणात फोटो काढला तर डाव्या मनगटावर पट्टा बांधल्यासारखा दिसत होता. रंगाचा घाणा बदलला की छटा बदलते, आणि लेबलावर तो घाण्याचा नंबर वेगळा छापलेला असतो. एक गुंडा जास्तच घ्या. उरला तर टोपी होते. कमी पडलाच तर नवा गुंडा शेवटी जोडू नका, आधीच सात-आठ ओळी जुन्या-नव्याच्या आलटूनपालटून विणा, म्हणजे रेघ उठत नाही.

बाबा तो स्वेटर अजून घालतात. डावा हात खिशात घालून.

रानवारा

सगळे मऊ मऊ म्हणताहेत, म्हणून मी कोल्हापूरकडून जरा टोचतो.

मेंढरं आपल्याकडे थोडी आहेत का? दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात, धनगरांच्या घरी सूत कातलं जातं, सनगर समाजाचे विणकर मागावर घोंगडी विणतात. ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी पाठीला कडक लागते. काळ्या घोंगडीचा रंग बहुतेक मेंढीचाच. मेरिनोचा तंतू १८ ते २२ मायक्रॉन जाडीचा, दख्खनीचा तीसच्या वर, त्यात राठ केस मिसळलेले. मानेला लावलं तर टोचणारच.

मी हट्टाने दोन किलो हातकतं सूत आणलं आणि बायकोला स्वेटर विणायला लावला. तिने गळा विणेपर्यंत धीर धरला, मग सुया माझ्या हातात दिल्या. "तूच विण, तूच घाल." ५ मिमीच्या सुईवर धागा कुठे सुतळी, कुठे दोरा. मधे मधे काटेकुटे निघतात, ते उचकत बसायचं. पहिल्यांदा भिजवला तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि घरभर कळप शिरल्याचा वास सुटला. स्वेटर काही झाला नाही. पण त्याच सुताचं बसायचं आसन केलं, मुद्दाम गरम पाण्यात घुसळून नमद्यासारखं घट्ट केलं. सात वर्षं ओसरीवर आहे. पावसाळी हवेत ते आतून दमट झालं तरी वरून ओलं लागत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते, तरी हाताला कोरडीच.

बाळाला नको. पण आवडती लोकर विचारलीत, तर माझी ती.

सुमेधा_व

केवढे प्रतिसाद! रानवारा, आसनाचा फोटो टाका.

काल भाचीला फोनवर सरळ विचारलं, धुणार कोण. म्हणाली, "आत्या, खरं सांगू? अभिजित. आणि तो सगळं एकत्र टाकतो." संपलं. दुलईला अ‍ॅक्रिलिक, चार मिमी, ४०० ग्रॅम धरलेत. तुळशीबागेतून पिस्ता आणि सायीच्या रंगाचे गुंडे आणले, सगळे एका लॉटचे, गिरीशची आठवण काढून उलटेसुलटे करून पाहिले. दुकानदार वैतागला. स्वेटर आणि मोजे मिल्क कॉटनमध्ये, पातळ.

पण फोन ठेवताना ती म्हणाली, "एक कुंची तुझ्या त्या खऱ्या लोकरीची कर, मी लहान असताना होती ना तशी. बारशाला घालीन आणि अभिजितपासून लपवून ठेवीन." मेरिनोचे दीड गुंडे मोरपंखी अजून डब्यात आहेत, २०१९ चे. कसर लागलेली नाही, उन्हात धरून पाहिलं. सव्वातीनच्या सुयांवर ८४ टाके घातलेत.

कुंचीला बंद कसले लावू? लोकरीचीच गोफाची दोरी वळायचा विचार आहे, टोकाला गोंडे.

आर्या_मिनेसोटा

गोंडे नको काकू, सगळं तोंडात जातं आणि लोकरीचे धागे सुटून येतात. लांब दोरीही नको, गळ्याशी अडकायची भीती. हनुवटीखालून रुंद पट्टी विणा, एका बाजूला चपटं बटण, दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवलेलं. आणि अभिजितपासून लपवायची तर डायपरच्या खोक्यात ठेवायला सांगू नका, ती खोकी इथे नवरेच उघडतात.